कुत्र्याला गाडी, माणसाला मारुती

यंदाचा सगळा श्रावण परभणीला घरी काढला. ताईचं बाळंतपण आमच्याकडं होतं, साहेबांनी महिनाभर घरून काम करायला हो म्हटलं, आणि पुण्यात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पाऊस बघून बघून कंटाळा आला होता. म्हटलं, चला. नांदेडची गाडी पकडली आणि सकाळी परभणीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगाच म्हणत नाही :-)

महिना तसा आनंदाचा गेला. ताईला मुलगी झाली. आजीला पणती बघायला मिळाली, त्यामुळं आजी दोन दिवस गुडघेदुखीसुद्धा विसरली. बाबांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणासाठी तरी रात्री उठून पाणी तापवलं. पहिल्या दहा दिवसांत वानरांच्या टोळीनं गच्चीवर वाळत घातलेली बाळाची दुपटी खाली फेकून दिली, पपईच्या झाडाचा फडशा पाडला आणि जाताना शेजारच्या काकांच्या गाडीची सीट फाडली. न्हाणीघराच्या मोरीतून एक दिवस घोरपडीचं पिल्लू वर आलं, तेव्हा दाजी कॉटवर उभे राहिले होते (हे मी लिहिलंय असं त्यांना सांगू नका). शेतात आखाड्यावर सकाळी मोर, आणि रात्री रोही. मोराचे फोटो सगळे काढतात. रोह्यानं तुडवलेल्या सोयाबीनचा फोटो कुणी काढत नाही. असो.

आमचा कुत्रा शेरू. वय नऊ, अक्कल दोन. पहिल्या आठवड्यात त्यानं बेडूक तोंडात धरला आणि अर्धा तास तोंडातून फेस काढला. मग गोचिडी झाल्या. एक-एक गोचीड चिमट्यानं काढत मी 'स्टँडअप मीटिंग'ला हजेरी लावली आहे.

नागपंचमीला आईनं भिंतीवर नागोबा काढले, लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं केली. त्या दिवशी आमच्याकडं काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही. का, तर नागाला इजा व्हायला नको. त्यानंतर चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्वारीच्या पोत्यांजवळ कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. शेरू भुंकत आत घुसला आणि केकाटत बाहेर आला. बॅटरी मारली तर घोणस. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, जाडजूड, वेटोळं करून बसलेली. काही लोक हिला अजगराचं पिल्लू समजून हात लावायला जातात.

पुढं काय झालं ते मी मिनिटांत सांगतो, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्या मिनिटांचा आहे. पाच मिनिटांत मी गाडी काढली. ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना बाबांनी फोन लावला, ते दवाखाना उघडून उभे राहिले. पंचवीस मिनिटांत शेरूला सलाईन लागलं होतं. माणसाला देतात तीच सर्पविषाची लस कुत्र्यालाही देतात. ती मेडिकलवाल्याला उठवून मिळवली. तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, पण कुत्रा वाचला. घरी आलो तोवर गल्लीतल्या चौघांनी काठ्यांनी घोणस मारून, जाळूनसुद्धा टाकली होती. नागपंचमी संपली होती ना!

मी त्या रात्री घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. सापाला मारू नका, तो शेतकऱ्याचा मित्र आहे, तो उंदीर खातो, पोती आपण ठेवली, उंदीर आपण पाळले, साप फक्त जेवायला आला, वगैरे वगैरे. आमच्या धंद्यात याला रूट कॉज म्हणतात. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी समाधानानं झोपलो.

आता खरी गोष्ट.

बारसं बाराव्या दिवशी होतं. दीडेकशे पाहुणे, मांडव, जेवणावळ. त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या शेतात, आमच्या सालगड्याच्या बायकोला साप चावला. खुरपत होती. सोयाबीनच्या ओळीत डाव्या हातानं गवत धरलं आणि बोटाला चावा बसला. साप तिनं नीट पाहिला नाही, फक्त फुत्कार ऐकला. नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर बसवून गावातल्या मारुतीच्या पारावर नेलं. तिथं लिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही, असा निकाल मिळाला. दोन वाजेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा कुणाच्या तरी टेम्पोतून दवाखान्यात. पोचायला तीन वाजले.

कुत्र्याला पंचवीस मिनिटं. बाईला चार तास.

आम्हाला संध्याकाळी कळलं. मी दवाखान्यात गेलो आणि आधी जे बोललो त्याची आता लाज वाटते. म्हटलं, "अहो, मला फोन का नाही केला? गाडी दारात उभी होती." तो खाली बघत म्हणाला, "दादा, तुमच्याकडं बारसं होतं. पाव्हणे आलते. शुभकार्यात असलं कसं सांगावं?"

हे वाक्य ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहितोय.

घरी हा विषय निघाला तेव्हा पाहुण्यांतले एक मामा म्हणाले, "या लोकांना अक्कल नाही रे. अंधश्रद्धा. दवाखाना सोडून देवळात जातात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला या वाक्याशीच भांडायचं आहे.

पहिली गोष्ट. पाल्याची परीक्षा ही शुद्ध फसवणूक आहे, त्यात माझं दुमत नाही. घोणशीचं विष जिभेवर काम करत नाही, रक्तावर करतं. रक्त गोठायचं बंद होतं आणि पुढं मूत्रपिंड जातं. पाला शेवटपर्यंत कडूच लागणार. जी टेस्ट कधी फेल होतच नाही, ती टेस्टच नव्हे, हे कुठलाही फ्रेशर सांगेल. मग पाराची कीर्ती टिकते कशी? कारण बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर चावला तर माणूस काही न करताही बरा होतो. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. बरे झाले ते मारुतीच्या खात्यात, मेले ते नशिबाच्या खात्यात. याच्या उलट दवाखान्यातली परीक्षा बघा. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष चढलंय. ना मशीन, ना वीज. मावशींच्या नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग लसीच्या व्हायलवर व्हायल.

दुसरी गोष्ट. हे अक्कल नसल्यामुळं झालं का? त्या माणसाला दवाखाना माहीत होता. त्याचा भाऊ तिथंच वाचला होता. मग तो पारावर का गेला? मी नंतर बसून विचारलं. पार गावात आहे, दवाखाना लांब. पाराला पैसे लागत नाहीत, दवाखान्यात औषध फुकट असलं तरी ने-आण, जेवण, बाहेरची तपासणी फुकट नसते. ॲडमिट झालं की दोघांचीही मजुरी बुडते. आणि मालकाकडं कार्य. या चारही कारणांत अंधश्रद्धेचा वाटा किती? १०८ नंबरची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, ती त्याला आठवली नाही हे खरं. पण त्याला ती कुणी सांगितली होती? मी? मी तर सापाच्या बाजूनं निबंध लिहीत होतो.

तिसरी गोष्ट, आणि ही माझ्यासारख्या सगळ्या निसर्गप्रेमी लोकांसाठी. "साप मारू नका" हे वाक्य खरं आहे. पण ते कोण कुणाला म्हणतंय हे बघा. चौथ्या मजल्यावरचा माणूस, काळ्या रानात अनवाणी उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला. साप वाचवायची किंमत आपण तिच्या बोटांनी चुकती करणार आणि वर तिलाच शहाणपण शिकवणार. सापाला गळ्यात घालून, त्याचा मुका घेऊन व्हिडिओ काढणारे हिरो तर वेगळेच. मुकाट्यानं साप पकडून रानात सोडणारे चांगले सर्पमित्रही खूप आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण कुणाचेच व्हिडिओ पारावरच्या बाईसाठी गाडी मागवत नाहीत.

हा किरकोळ विषय नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे पेरणी ते खुरपणी ते मूग-उडीद काढणी. आणि बहुतांश खेड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये काढला, आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. चांगलंच आहे. पण ५८,००० माणसं दरवर्षी विमान अपघातात गेली असती तर आपण २०२४ पर्यंत थांबलो असतो का?

कुणी म्हणेल, बूट द्या, हातमोजे द्या. द्यावेतच. पण जो कधी खुरपायला बसला नाही तोच म्हणेल की गमबुटानं प्रश्न सुटतो. पावसात आमच्या काळ्या मातीचा एकेका बुटाला किलोभर चिखल चिकटतो, उकिडवं बसता येत नाही, आणि खुरपताना पुढं असतो तो हात. ओळीत हात घालायच्या आधी काठीनं गवत हलवणं, रात्री बॅटरी, झोपायला खाली गोधडीऐवजी बाज आणि मच्छरदाणी नीट खोचलेली (मण्यार झोपलेल्या माणसालाच चावते), आणि आखाड्यावर धान्याची पोती झोपायच्या जागेपासून लांब. एवढं जमतं. यातली बाज आमच्या आखाड्यावर नव्हती. आमच्या घरी शेरूला मात्र खाट आहे.

आता पैशाचं. शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावच्या अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. आमच्या शेताचा सातबारा बाबांच्या नावावर आहे. म्हणजे त्या रानात साप चावून बाबा गेले असते तर आम्हाला दोन लाख. (बाबा गेल्या दोन वर्षांत चार वेळा शेतात गेलेत.) जी बाई रोज आठ तास तिथं हात घालते, ती गेली असती तर त्या योजनेतून शून्य. ज्याचा हात मातीत त्याचं नाव कागदात नाही. हा बग नाही, हे डिझाइनच असं आहे.

मावशी पाच दिवसांनी घरी आल्या. मूत्रपिंडं वाचली. डाव्या हाताचं पहिलं बोट अजून वाकत नाही, आणि उरलेला हंगाम मजुरी नाही. शेरू अंगणात भुंकतोय, पूर्वीइतकाच मूर्ख.

सरकारनं काय करावं याची यादी मी करणार नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. आपण मालक लोकांनी काय करावं तेवढं सांगतो. आमच्याकडं सालगड्याचा ठराव गुढीपाडव्याला होतो. वर्षाचे पैसे किती, ज्वारी किती, कपडे किती, सगळं तोंडी ठरतं. येत्या पाडव्याला आमच्या ठरावात चार गोष्टी जास्तीच्या राहतील, आणि त्या कागदावर राहतील. साप-विंचू चावला तर दवाखान्याचा सगळा खर्च आमचा. बरं होईपर्यंत दोघांची मजुरी चालू. आखाड्यावर दोन बाजा, दोन मच्छरदाण्या, दोन बॅटऱ्या. आणि लस असलेल्या जवळच्या दवाखान्याचा, १०८चा आणि आमच्या घरचा नंबर आखाड्याच्या दारावर रंगानं लिहिलेला.

बाबा म्हणाले, "गावातले बाकीचे मालक हसतील. म्हणतील, याचा पोरगा रेट बिघडवायला आला पुण्याहून."

हसू देत. मावशींना मी एवढंच सांगून आलोय की पुढच्या वेळी आमच्याकडं बारसं असो, लग्न असो नाहीतर पोळा, फोन आधी लावायचा. त्यांनी मान हलवली. पण लावतील की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. ती खात्री त्यांना वाटायला आमच्या घराचा एक कागद पुरणार नाही, बरीच वर्षं लागतील.