सबब आणि जबाबदारी

अमेरिकन तत्त्ववेत्ते हॅरी फ्रँकफर्ट १६ जुलै २०२३ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. तत्त्वज्ञाच्या निधनाने बाजार बंद राहत नाहीत. परंतु ज्या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला, तो घरोघरी व कचेरीकचेरीत रोज उभा राहतो. म्हणून त्यांचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

‘माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता’ ही मनुष्याची फार जुनी सबब. अन्यथा वागणे ज्याला शक्य नव्हते त्याला दोष देता येत नाही, असे अनेक विचारवंतही मानीत आले. १९६९ साली एका छोट्या निबंधाने फ्रँकफर्ट यांनी या समजुतीला सुरुंग लावला. समजा, एकाने दुष्कृत्य करण्याचे स्वतःहून ठरविले. तो कच खाईल तर त्याच्याकडून ते बळाने करवून घेण्यास दुसरा कोणी आडून टपला आहे. पण तशी वेळच येत नाही. पहिला ते खुषीने उरकतो. सुटकेची वाट त्याला नव्हतीच. म्हणून तो निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. वाट बंद होती खरी, पण त्याला तिकडे वळावयाचेच नव्हते!

या दृष्टांतावर आक्षेप पुष्कळ आले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि फ्रँकफर्ट निष्ठुर नव्हते. केवळ अन्य उपाय नाही एवढ्याच कारणाने जो एखादे कृत्य करतो, त्याला त्यांनी दोषमुक्तच मानले. १९७१ साली ते आणखी खोल गेले. मनुष्याला नुसत्या इच्छा नसतात. आपली कोणती इच्छा प्रबळ ठरावी, याविषयीही त्याची इच्छा असते. व्यसनाचा तिटकारा असून त्यात सापडलेला आणि व्यसनाला राजीखुषीने कवटाळणारा, दोघांची कृती एकच. परंतु त्यांच्या ठिकाणचा मनुष्य एक नव्हे.

मराठी वाचकास हा विषय परका नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांस एक प्रकरणच वाहिले आहे. ज्याच्या हातापायांत स्वातंत्र्य उरले नव्हते, त्याने आत्म्याच्या स्वातंत्र्याचा विचार करावा, हे अर्थपूर्ण आहे.

‘वरून हुकूम होता’, ‘सगळेच घेतात’, ‘परिस्थितीच तशी होती’ ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि बोलतोही. ती खरी असतील. परंतु त्यांनी हिशेब मिटत नाही. हुकूम नसता तर आपण काय केले असते, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याची साक्ष कोणतेही न्यायालय काढू शकणार नाही; ती ज्याची त्यानेच द्यावयाची आहे.