गिरणगावाची ओसरी

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर परळचे दामोदर नाट्यगृह पाडायला घेतल्याची बातमी आली, तेव्हा मी सुप्यात होतो. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात दोन म्हाताऱ्यांना ती वाचून दाखवली. दोघेही मुंबईच्या गिरणीतून परतलेले. एकाने नुसतीच मान हलवली. दुसऱ्याने विचारले, "मग आता तिथली माणसं बसत्यात कुठं?"

नाटके कुठे होणार, असे त्याने विचारले नाही. माणसे बसणार कुठे, असे विचारले. त्या वास्तूविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण तिचे मर्म या प्रश्नात जितके आहे तितके मला दुसरीकडे कुठे आढळले नाही.

सुप्याच्या माणसाला परळच्या हॉलचे सोयरसुतक का असावे? बारामती तालुका म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो. पण नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्यांना लाभले ती गावे वेगळी आणि सुप्याचा माळ वेगळा. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा इतिहासात मोठा, पावसाच्या बाबतीत मात्र करंटा. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, याच सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाच्या वह्या आणि खते जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पण कायद्याने पाऊस पडत नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. पुढची शंभर वर्षे घाटावरच्या दुष्काळी गावांनी आपली तरणी माणसे त्या भोंग्याच्या हवाली केली. माझे वडील १९५३ साली गेले, आदल्या हंगामाच्या दुष्काळात बैलजोडी विकून.

तिथे त्यांना मिळाली ती खोली नव्हे, खोलीतली पथारीपुरती जागा. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गाववाले. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. भिंतीवर प्रत्येकाची खुंटी आणि खाली प्रत्येकाची पेटी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, पैसे पगाराला. अशा खोलीत निजता येते, पण बसता येत नाही. जागेपणीचे चार तास माणसाने काढायचे कुठे? रस्त्यावर, गुत्त्यात किंवा जॉबरच्या दारात.

हा प्रश्न ज्यांना फार आधी दिसला ते नारायण मल्हार जोशी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हे सौम्य गृहस्थ. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि वस्तीत वाचनालये, रात्रशाळा, सहकारी पतपेढ्या सुरू केल्या. दामोदर हॉल १९२२ चा, त्याच लीगचा. त्याला नाव मिळाले ते गिरणीमालक ठाकरसी घराण्यातल्या दामोदर ठाकरसी मूळजी यांचे. महिला विद्यापीठाच्या नावात ज्या नाथीबाई आहेत, त्यांचे हे यजमान. पत्नीचे नाव स्त्रीशिक्षणाला, पतीचे कामगारांच्या करमणुकीला. मालकाच्या घराण्याचे नाव ल्यालेल्या हॉलकडे लाल बावट्याची मंडळी संशयाने पाहत. कामगाराचा राग पेटीच्या सुरात विरघळवायचा हा डाव, अशी त्यांची टीका असे. १९२८ च्या मोठ्या संपानंतर जोशी आणि कम्युनिस्ट यांच्या वाटा वेगळ्याही झाल्या. त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण दार उघडून दिल्यावर आत काय होईल, हे दार बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही.

हॉल दोन वर्षांचा असताना, ९ मार्च १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बैठक बोलावली. तिच्यातून त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही दामोदर हॉलमध्येच थाटली गेली. बाबासाहेब तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते. या घटनेचे मोल कळायला त्या काळच्या गिरणीत डोकवावे लागते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, पगार जास्त. पण दलितांना तिथे मज्जाव होता. धोट्यातल्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि दुसऱ्याच्या तोंडचा धोटा सवर्ण साचेवाल्याला चालत नसे. बाबासाहेबांनी हा अन्याय १९२८ च्या संपाच्या वेळी वेशीवर टांगला. ज्या परळात धोटा विटाळत होता, त्याच परळात एका सभागृहाची खुर्ची विटाळत नव्हती. भाडे भरले, पावती घेतली, की त्या संध्याकाळपुरता हॉल तुमचा. गावच्या पाराला, चावडीला, देवळाच्या मंडपाला हे कधी जमले नव्हते.

मी चौथीनंतर परळला आलो. दामोदरची माझी पहिली आठवण नाटकाची नाही, देणगी प्रवेशिकांची आहे. सुप्याकडच्या मंडळींचा एक लहानसा नाट्यमेळ होता. वर्षभर महिन्याच्या पगारातून प्रत्येकी थोडी रक्कम काढायची, तिची वहीत नोंद ठेवायची, चाळीच्या गॅलरीत रात्री तालमी करायच्या आणि वर्षातून एकदा दामोदरला प्रयोग लावायचा. तारीख पगारानंतरच्या आठवड्यातली गाठायची, नाहीतर प्रवेशिका खपत नसत. मी गिरणीच्या दारात उभा राहून त्या खपवल्या आहेत. प्रयोगाला कोकणातले, साताऱ्याकडचे, देशावरचे सगळे येत. कोकणी मंडळींची दशावतार आणि नमन ही स्वतःची दौलत होती. आमच्या घाटी मंडळींचे मन तमाशाला, लालबागच्या हनुमान थिएटरकडे ओढ घेई. दामोदरला मात्र बायकामुलांना घेऊन जाता येई. माझी आई मुंबईत रात्री घराबाहेर पडली ती बहुधा तेवढ्यासाठीच.

अभिनय यथातथाच असे. नायकाला आदल्या रात्रीची पाळी झालेली. दुसऱ्या अंकात तो खुर्चीत बसला की खरोखरच पेंगे. बदली कामगाराला ऐनवेळी काम लागले की त्याची भूमिका दुसऱ्याने वाचून उरकायची. लोक हसत, पण उठून जात नसत. कारण रंगमंचावरचा राजा त्यांच्याच खात्यातला असे.

या मेळाची वही ज्यांच्याकडे असे ते आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातले. थ्रॉसलमध्ये, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात ते कामाला होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब पैशापर्यंत चोख. हॉलचे भाडे तेच भरत आणि पावती त्यांच्याच नावाची असे. प्रयोगाच्या दिवशी दारात खुर्ची टाकून ते बसत आणि माझे वडील त्यांना "व्यवस्थापक" म्हणून हाक मारत. त्यात थट्टा होती, पण मानही होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. माझे वडील १९८३ मध्ये एक पेटी घेऊन सुप्याला परतले. व्यवस्थापकही त्याच सुमारास आले. मी नोकरीमुळे मुंबईतच राहिलो. सुट्टीत गावी गेलो की पाहायचो, दोघे भेटायचे ते एसटी स्टँडवर. व्यवस्थापक पारावर येऊन बसत नसत. त्यांच्या वाड्यावर जाऊन बसायला वडील कचरत. परळात वीस वर्षे खांद्याला खांदा लावून नाटके केलेल्या दोन माणसांना गावात एकत्र बसायला जागा नव्हती. होता तो जाणाऱ्या-येणाऱ्यांचा फलाट. याबद्दल मी वडिलांना कधी विचारले नाही. विचारायला हवे होते. ती वही त्यांच्या पेटीत निघाली. ती परत करायची राहून गेली.

दामोदर पाडण्याविरुद्ध नाट्यकर्मींनी आणि परळच्या जुन्या मंडळींनी आवाज उठवला तो योग्यच. नवे नाट्यगृह उभारू, असे सांगितले गेले. शंभर वर्षांची वास्तू थकते, हेही मान्य. पण गिरणगावात गेल्या तीस वर्षांत जे झाले त्याने शब्दांवर विसंबण्याची सवय मोडली आहे. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग शहरासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा मोकळ्या जागेपुरता आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. तेव्हा नव्या दामोदरविषयी विचारायचे ते खुर्च्या किती आणि वातानुकूलन कसले हे नव्हे. भाडे किती आणि ते कोणाला परवडणार, हे विचारायचे. आठवड्यातले काही दिवस हौशी आणि वस्तीतल्या मंडळांसाठी स्वस्त दरात राखले जाणार का? तसे लेखी ठरले नाही, तर इमारत परत येईल, हॉल परत येणार नाही.

आणि हा हिशेब परळने एकट्याने द्यायचा नाही. आमच्या भागात गेल्या काही दशकांत बांधकाम कमी झालेले नाही. देवळांपुढे सभामंडप झाले, रस्त्यालगत मंगल कार्यालये झाली, वस्तीवस्तीत समाजमंदिरे झाली. पण बहुतेक ठिकाणी समाजमंदिर म्हणजे ज्याच्या त्याच्या समाजाचे. मंगल कार्यालय लग्नसराईपुरते, आणि त्याचे एका दिवसाचे भाडे ऐकूनच हौशी मंडळ माघारी फिरते. सगळ्यांच्या समाजाचे मंदिर, जिथे थोडक्या भाड्याची पावती फाडली की कोणाचीही परवानगी लागू नये, असे किती गावांत आहे? निधी नाही हे कारण खरे नाही. तशी जागा हवी, असे आपल्याला वाटलेलेच नाही. दुष्काळाने परळला हाकललेल्या माणसांना ते तिथे कळले. परत येताना ते पेटीतून आणता आले नाही.

त्या दिवशी चहा संपला तरी म्हाताऱ्याचा प्रश्न तसाच राहिला होता. मी त्याला म्हटले, "नवीन बांधणार आहेत म्हणे." तो म्हणाला, "बांधत्याल की. पर पावती कुणाच्या नावानं फाडत्याल, ते बघा."