आपल्या मुलांनी नक्कलच का करायची?

एप्रिल आला की वस्त्यावस्त्यांत चित्रकला स्पर्धेचे फलक लागतात. विषय ठरलेला. सकाळी विहारात सतरंज्या अंथरतात, ड्रॉइंग पेपर वाटतात आणि पन्नास-साठ मुले एकच फोटो समोर ठेवून चौकटी आखायला लागतात. निळा कोट, लाल टाय, गोल चष्मा, हातात संविधान. ज्याचे चित्र फोटोशी सर्वांत जास्त जुळते त्याला पहिला नंबर. एखाद्या पोराने बाबासाहेबांना आपल्या गल्लीत लगोरी खेळताना काढले, तर परीक्षक तो कागद बाजूला सारतात. वर "हे काय काढलंस रे?" हे ऐकावे लागते ते वेगळेच.

आमचा स्पर्धांना विरोध नाही. आमचा विरोध आहे नकलेला बक्षीस देण्याला. ज्या माणसाने ग्रंथाला, परंपरेला, पुढाऱ्याच्या शब्दाला प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्याच जयंतीला आपण मुलांना मान खाली घालून जसेच्या तसे उतरवायला लावतो. ही विसंगती आपल्याला टोचत कशी नाही?

ही सवय आपल्या मंडळांनी शोधलेली नाही, ती शाळेतून आलेली आहे. मुंबईत 1857 साली जे. जे. कलाशाळा निघाली, तेव्हा इंग्रजांना इथल्या कारागिरांचे हात आपल्या पद्धतीने वळवायचे होते. समोर साचा ठेवायचा आणि तो हुबेहूब उतरवायचा, हा त्या काळच्या चित्रकला शिक्षणाचा पाया. तो पाया शाळांत आजही शाबूत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा पाहा. त्यात स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. मुलाने पाहिलेले, जगलेले आठवून काढावे, असा त्याचा हेतू. पण क्लासमध्ये काय होते? टोपलीवाली बाई, सायकलवाला, कोपऱ्यात एक झाड, मागे दोन घरे. माणसे पाठ करून घेतात! विषय बाजाराचा आला तरी तीच बाई, जत्रेचा आला तरी तीच. आठवणसुद्धा दुसऱ्याची उसनी आणायची.

आम्हाला यात जात दिसते. कोणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडेच जात दिसते. हो, कारण ती सगळीकडे आहे. या देशात हाताने करणारा वेगळा आणि काय करायचे ते ठरवणारा वेगळा, अशी व्यवस्था शतकानुशतके चालली. बाबासाहेबांनी 1936 साली घाव घातला तो नेमका इथे : ही व्यवस्था कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वरखाली लावते. बापाने जसे केले तसेच पोराने करायचे, त्यात स्वतःचे डोके चालवायचे नाही. चित्रकलेच्या तासाला फळ्यावरचे चित्र जसेच्या तसे उतरवणारे मूल हाच धडा नव्याने गिरवत असते.

आणि हेच मूल शाळा सुटल्यावर काय करते? फेकलेल्या तारेची गाडी करते, फाटक्या चपलेच्या तळव्याची चाके कापून तिला लावते. काडेपेट्यांचा ट्रक करते. बुटाच्या खोक्यात घर उभे करते आणि बांगडीच्या काचांनी त्याच्या खिडक्या सजवते. याला कुठला नमुना नसतो. चाक फिरले नाही तर ते स्वतःच कारण शोधते आणि दुरुस्त करते. चित्रकलेच्या पुस्तकात ज्याला सर्जनशीलता म्हणतात ती हीच, फक्त तिला मार्क नसतात. (याचे गोडवे गाताना एक भान मात्र हवे. वीटभट्टीवर चिखल तुडवणारे मूल चिखलाशी खेळत नसते, राबत असते. "गरिबांची मुले मातीत किती रमतात" असले लाडिक लिखाण आम्हाला नको. खेळ तोच, जो मूल मनात येईल तेव्हा सोडून जाऊ शकते.)

आमच्या अभ्यासिकेत रविवारी आम्ही चित्रांचा तास घेतो. तो खेळाने सुरू होतो. एकदा मुलांनी "टँकर आला" हा खेळ स्वतःच काढला. एक पोरगा टँकर झाला, एक ड्रायव्हर, दोघे दादागिरी करणारे, बाकी सगळे हंडे घेऊन रांगेत. अर्धा तास नुसता गोंधळ. मग जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरली, कोळसा, गेरू, हळद आणि चुना ठेवला, आणि एवढेच म्हणालो, आता तुमचा खेळ काढा. एका नऊ वर्षांच्या मुलीने टँकर इवलासा काढला आणि पाइप कागदभर. पाइपच्या तोंडाशी शंभर हात. तिचा स्वतःचा हात सर्वांत लांब. शाळेतल्या बाईंनी तो खोडून "प्रमाण चुकलंय" लिहिले असते. पण तिचे प्रमाण अचूक होते. ज्या गोष्टीवर घरचे पाणी अवलंबून, तीच मोठी.

समाजशास्त्र शिकताना आम्ही जॉर्ज हर्बर्ट मीड वाचला. खेळात मूल दुसऱ्याची भूमिका घेते आणि त्यातूनच त्याचा "मी" घडतो, असे तो सांगतो. आपल्या वस्तीतली मुलगी कलेक्टर होऊन टँकरवाल्याला दरडावते, तेव्हा ती ज्या खुर्चीवर बसून बोलते ती तिला वारशाने मिळालेली नाही. खेळातून थेट कागदावर गेले की ती खुर्ची चित्रात उतरते. फोटोवरून चित्र काढताना अशी खुर्ची कुठून येणार?

व्हिक्टर लोवेनफेल्ड हे नाव आपल्या चळवळीत कोणाला फारसे माहीत नाही. माहीत असायला हवे. हा व्हिएन्नाचा ज्यू शिक्षक. तिथे तो अंध मुलांना कला शिकवायचा. हिटलरच्या छळामुळे देश सोडून अमेरिकेत गेला आणि 1939 साली व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत दाखल झाला. तिथल्या विद्यार्थ्यांना त्याने गोऱ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावले नाही, स्वतःचे जगणे काढायला लावले. त्याचा विद्यार्थी जॉन बिगर्स पुढे मोठा भित्तिचित्रकार झाला. 1943 साली हॅम्प्टनच्या विद्यार्थ्यांची चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागली. 1947 साली आलेल्या ग्रंथात लोवेनफेल्डने छापील रेघांत रंग भरण्याच्या पुस्तकांवर कडाडून टीका केली आहे. मुलाला जे महत्त्वाचे वाटते ते ते मोठे काढते, ही चूक नसून अभिव्यक्ती आहे, हेही त्याने मांडले. ब्लॅक पँथरकडून 1972 साली आपण प्रेरणा घेतली. हॅम्प्टनच्या चित्रवर्गाकडून का घेऊ नये?

इथेही वाट नव्हती असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, डहाणूच्या आदिवासी मुलांसाठी, महागड्या साधनांशिवाय बालवाडी उभी केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. त्याच डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे जगभर पोचले. आणि आज? इंग्रजी शाळांत वारली चित्राचा छापील नमुना वाटतात आणि मुले त्रिकोणाला त्रिकोण जोडतात. जिवंत कलेचीही नक्कलच केली!

आता 2020 च्या धोरणाने खेळातून शिक्षण हा शब्द आणला. 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी "जादुई पिटारा" आला. खेळणी, कोडी, बाहुल्या. चांगलेच आहे. पण पेटी उघडणारा माणूस कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला त्याचा उल्लेख नाही. वाडी-वस्तीवरच्या शाळेचा पट शंभर कधी होणार? म्हणजे कलाशिक्षक कोणाला मिळणार नाही हे कायद्याच्या तक्त्यातच ठरून गेले. उलट शहरातली खासगी शाळा हाच खेळ "ॲक्टिव्हिटी" म्हणून विकते आणि त्याची वेगळी फी घेते. आपल्या मुलांचा खेळ फुकट म्हणून उनाडपणा, त्यांचा खेळ फी भरलेला म्हणून शिक्षण.

आपल्यातलेच काही जाणते विचारतात, पोरांना खेळवत काय बसलात, ग्रेड परीक्षेने दहावीला वाढीव गुण मिळतात, ते बघा. गुण मिळवावेत, आम्ही त्यासाठीही मुलांना बसवतो. सवलत आहे ती सोडायची कशाला? पण आठव्या वर्षापासून परीक्षेची रेघ गिरवायला लावण्याचे कारण नाही. परीक्षेचे तंत्र सातवी-आठवीनंतर सहा महिन्यांत येते. स्वतःचे काढण्याची धमक एकदा मोडली की ती सहा महिन्यांत परत येत नाही. बी.एड.च्या वर्गात पाठाचे टाचण काढतानाही स्वतःचे उदाहरण न सुचणारी आपली हुशार मुले आम्ही पाहिली आहेत.

म्हणून जयंती मंडळांकडे आमची मागणी आहे. येत्या 14 एप्रिलच्या स्पर्धेत समोर फोटो ठेवू नका. चवदार तळ्याचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, नाही तर वर्गाबाहेर बसून शिकणारा भीमा, यातले काहीही मुलांना आधी तासभर खेळू द्या. कोण पाणी अडवणारा होतो, कोण ओंजळ भरणारा, ते त्यांनाच ठरवू द्या. मगच कागद द्या. परीक्षकाने निकाल लावण्याआधी प्रत्येक मुलाजवळ बसून "हे कोण आहे, इथे काय चाललंय" एवढे विचारावे. पन्नास मुलांना दोन तास लागतील. तेवढे डीजेच्या वेळेतून काढा. आणि पहिला-दुसरा नंबर न काढता सगळी चित्रे जयंतीच्या रात्री विहाराच्या भिंतीवर लावा, खाली मुलाचे नाव आणि त्याने सांगितलेले वाक्य, त्याच्याच शब्दांत.