रेषेवरचा पाय आणि पंचाची शिट्टी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि तांत्रिक समितीचे सदस्य,
बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया

महोदय,

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या मैदानांवर सगळ्यात जास्त वाद होतो तो एकाच गोष्टीवरून: खेळाडू आउट होता की नव्हता. फाउलवरून आवाज चढतात, पण दोन मिनिटांत विरतात. रेषेवरचा वाद मात्र सामना संपून मुलं बसमध्ये बसली तरी मिटत नाही. पाय कुठे पडला, यावर बहुतेक वेळा दोन्ही कोचचं एकमत असतं. त्याला आउट म्हणायचं का, इथे गाडी अडते. मी क्रीडाशिक्षिका आहे, जिल्हा पातळीवर पंच म्हणूनही उभी राहते, आणि हे पत्र त्याच अडलेल्या गाडीबद्दल आहे.

आपण आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे नियम पाळतो. त्यातलं कलम 23 मोजक्या ओळींचं आहे. खेळाडूच्या शरीराचा कोणताही भाग हद्दीच्या रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला लागला, किंवा तिथल्या एखाद्या वस्तूला लागला, की तो आउट. वस्तू म्हणजे खेळाडू सोडून काहीही. याच्या जोडीला कलम 11 वाचावं लागतं आणि तेच बहुतेकांचं वाचायचं राहून जातं. खेळाडू हवेत असेल तर तो शेवटचा जिथे जमिनीला टेकला होता तेच त्याचं स्थान धरायचं.

आता हे मैदानावर कसं दिसतं ते पाहा. चेंडू बेसलाइनकडे सुटलाय. एक मुलगी धावत येते, रेषेच्या वीतभर आत डावा पाय रोवून झेपावते, तिचं सगळं शरीर रेषेपलीकडे हवेत, हात लांब, चेंडूही पलीकडेच. पडता पडता ती चेंडू मागे आत फेकते आणि मग सिमेंटवर आपटते. कोपर सोलवटतं. या सगळ्यात नियमभंग कुठेच नाही. तिचा शेवटचा स्पर्श आतला होता आणि चेंडू बाहेरच्या जमिनीला लागलाच नाही. तरी शिट्टी वाजते, कारण चेंडू ‘बाहेर गेला’ हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बास्केटबॉलमध्ये रेषेवर हवेत भिंत उभी नाही, हे ज्या पंचाला कुणी नीट सांगितलंच नाही, त्याला तरी दोष कसा द्यायचा?

उलट बाजूही तितकीच नेहमीची. तीच मुलगी बाहेर पडली, उठली आणि बाहेरूनच उडी मारून मैदानाच्या वर हवेत चेंडू झेलला, तर ती आउट, कारण तिचा शेवटचा स्पर्श बाहेरचा. आधी आत पाय टेकवायला हवा, आणि दुसरा पाय तोपर्यंत बाहेरच्या जमिनीवर नको. प्रेक्षकांना वाटतं, झेल तर आत घेतला! इथे शिट्टी वाजली तर पंचाला शिव्या, नाही वाजली तर समोरच्या संघावर अन्याय.

हा घोळ अज्ञानातून होतो असं म्हणणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. आमच्याकडचा पंच बहुधा शाळेतला पीटीचा शिक्षक असतो. सकाळी तो कबड्डीला उभा असतो, दुपारी व्हॉलीबॉलला, चार वाजता बास्केटबॉलला. कबड्डीत रेषा मैदानाचाच भाग. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेला लागला तर आत. फुटबॉलमध्ये चेंडू पूर्ण रेषा ओलांडेपर्यंत खेळ चालू. बास्केटबॉलमध्ये मात्र रेषा बाहेरची आहे. 28 मीटर बाय 15 मीटर हे माप रेषेच्या आतल्या कडेपासून धरतात, आणि ती 5 सेंटिमीटरची पट्टी मैदानात मोजलीच जात नाही. कबड्डीत पकड चालू असताना आतल्या गड्याला शरीर टेकलेलं असेल तर बाहेर गेलेला खेळाडूही वाचतो. महाराष्ट्रातल्या पंचाच्या अंगात ही पकड भिनलेली आहे. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात असलेल्या खेळाडूला बाहेर उभा असलेला प्रतिस्पर्धी खेटला, तरी तेवढ्याने तो आउट होत नाही. मात्र चेंडूच त्या बाहेरच्या खेळाडूला लागला की चेंडू आउट, आणि जबाबदार तो बाहेरचा खेळाडू. एका दिवसात एवढी उलटापालट डोक्यात ठेवायची, तीही इंग्रजी पीडीएफ एकदा चाळून!

कोपऱ्यातल्या तीन गुणांच्या जागेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हल्ली मुली तिथूनच नेम धरतात. तिथे तीन गुणांची रेषा आणि साइडलाइन यांत 90 सेंटिमीटर अंतर असतं. पुढच्या रेषेला बोट लागलं तर बास्केट दोनचीच, मागच्या रेषेला टाच लागली तर चेंडू गेला. एवढ्या पट्टीत पाय जुळवून पास घ्यायचा, तोही अंगावर धावून येणाऱ्या बचावासमोर. टाच उचललेली आणि रेषेच्या वर हवेत असेल तर ती आउट नाही. टेकली तर आहे. हा फरक पंचाला कळायचा तर नजर बुटावर हवी आणि रेषा दिसायला हवी. आमच्या अर्ध्या मैदानांवर पावसाळ्यानंतर रंग उडालेला असतो आणि सामन्याच्या सकाळी फक्की मारून काम भागवतात. तासाभरात पाच सेंटिमीटरची रेषा वीतभर पसरते. त्यातच खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या रेषा.

मोठ्या स्पर्धांत शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाकडून बाहेर गेला हे पंच पडद्यावर पाहू शकतात. आमच्याकडे कॅमेरा नाही, आणि तो मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आमच्याकडे दोन पंच असतात आणि चार बाजू. त्या दोघांच्या डोक्यात अर्थ तरी एकच असावा.

आणि काही ठिकाणी अर्थच मोकळा सुटलाय. ड्रिबल करणाऱ्या खेळाडूचा पाय साइडलाइनवर पडला, पण त्या क्षणी चेंडू हातात नव्हता, जमिनीकडे जात होता. आउट की नाही? अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांचे नियम करणाऱ्या एनएफएचएसने हे स्पष्ट लिहून टाकलंय: चेंडूला हात नसला तरी ड्रिबलर रेषेवर गेला की नियमभंग. फिबाच्या कलम 23 मध्ये ड्रिबलरसाठी असं वेगळं वाक्य नाही. मग एक पंच म्हणतो, चेंडू त्याच्याच ताब्यात आहे, म्हणून आउट. दुसरा म्हणतो, परत आत पाय टेकवून चेंडूला हात लावला, मग काय बिघडलं? दोघेही प्रामाणिक आहेत, आणि एकाच स्पर्धेत दोन मैदानांवर दोन न्याय होतात.

याच एनएफएचएसने 2023-24 च्या हंगामात आणखी एक दुरुस्ती केली. पूर्वी त्यांच्याकडे परवानगीच्या कारणाशिवाय मैदान सोडणं हाच नियमभंग होता. आता नुसतं बाहेर पाऊल पडल्याची शिक्षा नाही. बाहेरून परत आलेल्यानेच पहिल्यांदा चेंडूला हात लावला, किंवा दुसरा नियमभंग टाळायला तो बाहेर गेला, तरच शिट्टी. त्यांचे नियम आपण घ्यावेत असं मी म्हणत नाही. पण नियमाचा हेतू आणि शब्द यांत फट पडली तर शब्द दुरुस्त करायचे, ही सवय घेण्यासारखी आहे. या खेळात ती पहिल्यापासून आहे. 1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डमध्ये तेरा नियम लिहिले. त्यांत बाहेर गेलेला चेंडू जो आधी गाठेल त्याचा होता. साहजिकच चेंडूमागे झुंबड उडायची. 1913 साली नियम बदलला आणि ज्याचा शेवटचा हात लागला त्याच्या विरुद्ध संघाला चेंडू मिळू लागला.

महोदय, आमच्या मुलांसाठी ही बारकाव्याची चर्चा नाही. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीसाठी ते गुण कॉलेजच्या प्रवेशापर्यंत जातात. शेवटच्या मिनिटातल्या एका चुकीच्या शिट्टीने ती पायरी हुकते, आणि ती शिट्टी फिरवायची सोय आमच्या पातळीवर नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. कलम 11 आणि 23, त्यांवरची फिबाची अधिकृत स्पष्टीकरणं आणि ड्रिबलरच्या प्रश्नावर आपल्या तांत्रिक समितीचं लेखी उत्तर, एवढंच आठ-दहा पानांत, पायांच्या आकृत्यांसह, मराठीत छापा. इतर राज्यांसाठी त्यांच्या भाषांत. राज्य संघटनेमार्फत ते प्रत्येक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पोहोचवा, आणि पहिल्या सामन्याआधी पंच आणि कोच यांना एकत्र बसवून ते वाचून घेणं सक्तीचं करा. मजकूर मराठीत उतरवायला हात हवे असतील तर आमच्या जिल्ह्यातले आम्ही काही शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत बसायला तयार आहोत. पावसाळी सत्राचे सामने संपण्याआधी उत्तर मिळालं तर विभागीय फेरीपर्यंत पुस्तिका हातात येऊ शकेल.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका आणि पंच