दिवाणखान्यांतील ग्रंथ

अलीकडे घर सजविण्याच्या कामीं एक नवी चाल पडली आहे. पूर्वीं दिवाणखान्यांत तसबिरी, घड्याळ व चिनी मातीचीं भांडीं मांडीत. आतां त्यांच्या जोडीस ग्रंथ मांडतात. ते कोणी वाचावेत असा आग्रह नसतो; पाठीचा रंग पडद्यास जुळला म्हणजे झालें. कोणी तांबडीं, हिरवीं, निळीं पुस्तकें इंद्रधनुष्याप्रमाणें ओळीनें लावतात. कोणी तर पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे करून पानांची फिकट कड तेवढी पुढें ठेवतात, म्हणजे ग्रंथाचें नांवही दिसावयास नको! न्यूयॉर्क शहरीं स्ट्रँड नांवाचें पुस्तकांचें मोठें दुकान आहे. तेथें सजावटीसाठीं पुस्तकें कापडासारखीं मापानें, फुटाच्या हिशेबानें मिळतात. २०२० सालीं करोनाच्या सांथींत लोक घरूनच पडद्यावर बोलूं लागले, तेव्हां बोलणाराच्या पाठीमागें पुस्तकांची मांडणी असणें हें विद्वत्तेचें चिन्ह होऊन बसलें.

ग्रंथांवर जीव असणाऱ्या मंडळींस हें पाहून विषाद वाटतो, आणि तो आम्हांस समजतो. ज्या ग्रंथानें आपणांस रात्र रात्र जागविलें, त्याची किंमत त्याच्या पाठीच्या रंगावरून व्हावी, हें मित्राची पारख त्याच्या अंगरख्यावरून करण्यासारखें आहे. ही तक्रार आजची नव्हे. ज्यांचीं नुसतीं नांवेंसुद्धां जन्मांत वाचून व्हावयाचीं नाहींत, असे ग्रंथ छतापर्यंत रचून भोजनगृह शोभविणाऱ्या धनिकांस रोमन तत्त्ववेत्ता सेनेका यानें पहिल्या शतकांतच खडे बोल सुनावले आहेत. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें थट्टेचा मार्ग धरिला. १८५१ सालीं लंडनमधील आपल्या नव्या घरासाठीं त्यानें नुसत्या पाठींचीं खोटीं पुस्तकें बांधवून घेतलीं. त्यांत 'मांजराचीं आयुष्यें' हा ग्रंथ ९ खंडांचा होता, कारण इंग्रजांच्या म्हणीप्रमाणें मांजरास नऊ जीव असतात. आणि कोर्टांतील एका 'लहानशा' दाव्याचा इतिहास २१ खंडांचा होता!

तथापि, शोभेसाठीं ग्रंथ ठेवणें हेंच पाप, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. सॅम्युएल पीप्स या सतराव्या शतकांतील इंग्रज रोजनिशीकारानें सुमारें ३००० ग्रंथ जमविले. त्यांसाठीं त्यानें कांचेच्या दारांचीं कपाटें करविलीं, ग्रंथ उंचीच्या क्रमानें लाविले, आणि ठेंगण्या पुस्तकांखालीं लांकडाचे ठोकळे घालून सर्वांचे माथे एका रेषेंत आणिले. इतका हौशी गृहस्थ खरा. पण तो वाचकही तितकाच मोठा होता. त्याचा संग्रह केंब्रिज येथील मॉडलिन कॉलेजांत आजही जतन केलेला आहे. तेव्हां शोभा व वाचन यांचें जन्माचें वैर आहे असें नाहीं. शिवाय डोळ्यांसमोर असलेलें पुस्तक आज ना उद्यां कोणाचा तरी हात आपणांकडे ओढून घेतें. बापानें शोभेसाठीं आणिलें आणि मुलीनें वाचून काढिलें, असें झालें तर त्या शोभेस आम्ही नांवें ठेवणार नाहीं.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो मांडणींत नाहीं, कुलपांत आहे. बक्षीससमारंभाच्या दिवशीं शाळाशाळांतून मुलांस ग्रंथ दिले जातात. आंतल्या पानावर मुलाचें नांव, इयत्ता व विषय लिहिलेली चिठ्ठी असते. तो ग्रंथ घरीं जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांस दाखविला जातो, आणि मग पेले व पदकें यांच्या शेजारीं कांचेआड बंद होतो. "हात लावूं नको, मळेल," असें बजावलें जातें. ज्यानें तो मिळविला, त्यासच तो उघडण्याची मनाई! आईबापांचा हेतु वाईट नसतो. ज्या घरांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलें नाहीं, त्या घरास तो ग्रंथ म्हणजे घराण्याचा मान वाटतो, आणि त्या भावनेस आम्ही वंदन करितों. परंतु मान राखण्याची ही रीत नव्हे. आपल्याकडील पावसाळ्यांत बंद कपाटांतील पुस्तकास बुरशी धरते व कसर लागते. हाताळलेलें पुस्तक मळलें तर त्यास नवें वेष्टण घालतां येईल. पण वाचण्याचें वय एकदां निघून गेलें म्हणजे तें परत येत नाहीं.

पवित्र शास्त्रांत योशीया राजाची हकीकत आहे. मंदिराची डागडुजी चालू असतां हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. देवाच्या घरींच देवाचा ग्रंथ, आणि त्याची कोणास दाद नाहीं! शाफान चिटणीसानें तो राजापुढें वाचला, तेव्हां राजानें दुःखानें आपलीं वस्त्रें फाडिलीं. ग्रंथ घरांत होता; उणीव होती ती वाचणाराची. कित्येक ख्रिस्ती घरांतून मोठें, सोनेरी कडांचें शास्त्र मेजावर मांडलेलें असतें. त्या घरांनीं ही हकीकत अवश्य ध्यानीं घ्यावी.

याच्या उलट, मुंबईस दादर येथें १९३० नंतरच्या दशकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'राजगृह' बांधिलें, तें आपल्या ग्रंथांस जागा व्हावी हा हेतु मनांत धरून. लोक घरासाठीं ग्रंथ आणितात; त्यांनीं ग्रंथांसाठीं घर उभारिलें. तेवढें सामर्थ्य सर्वांस नसतें. परंतु कपाटाची किल्ली मुलाच्या हातीं देणें हें कोणत्याही आईबापांच्या आवांक्यांतलें आहे.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, ग्रंथ खुशाल दर्शनी जागीं मांडावे, मात्र मुलाचा हात पोंचेल अशा फळीवर मांडावे, व आठवड्यांतून एक दिवस त्यांतील कांहीं पानें सर्वांनीं मिळून वाचावीं. आणि विद्यार्थिमित्रहो, यंदा जें बक्षीस तुम्हांस मिळेल, तें पुढील बक्षीससमारंभापूर्वीं वाचून संपवा. पाहुण्यानें, "हें पुस्तक कशाविषयीं आहे?" असें विचारतांच तुम्हांस सांगतां आलें, तर त्या दिवाणखान्याची शोभा खरी.