‘संगणकाने सुरक्षित ठरवले’ म्हणजे नेमके काय?

सनस्क्रीन, स्प्रे, पाण्याचे फिल्टर, मोजे अशा कितीतरी वस्तूंवर हल्ली ‘नॅनो’ हा शब्द झळकतो. नॅनो कण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण किती विषारी ठरतील, याचा अंदाज आता संगणकीय मॉडेलने बांधता येतो. या तंत्राला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो ‘संगणकाने धोका दाखवला नाही, म्हणजे वस्तू सुरक्षित’ या समजुतीला.

मॉडेल कसे चालते?

आधी काही कणांवर प्रत्यक्ष प्रयोग होतात. त्या कणांचे गुणधर्म आणि दिसलेला विषारीपणा यांचे नाते संगणक शोधतो. मग नव्या कणाचे गुणधर्म दिले, की तो अंदाज सांगतो. म्हणजे मॉडेलला जे शिकवले, तेवढेच त्याला ठाऊक असते.

२०११ साली प्रसिद्ध झालेले एक गाजलेले मॉडेल पाहा. ते १७ धातू-ऑक्साइडांच्या नॅनो कणांवर बेतलेले होते. विषारीपणा मोजला होता तो ‘ई. कोलाय’ या जिवाणूवर. काम उत्तमच होते. त्या १७ मध्ये जिवाणूला सर्वांत कमी अपाय करणाऱ्यांत टायटॅनियम डायऑक्साइड होते. गोळ्या-च्युइंगगमला पांढरेपणा देणारा ‘ई १७१’ हा पदार्थ तोच आणि त्यातले काही कण नॅनो आकाराचे असतात.

पुढे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले, की हा पदार्थ पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा करण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून अन्नात तो सुरक्षित मानता येणार नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नातला त्याचा वापर बंद केला. इतर काही देशांत तो चालू आहे. वाद मिटलेला नाही.

मग मॉडेल चुकले का? नाही. ‘हा कण जिवाणू मारतो का?’ या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. ‘वर्षानुवर्षे पोटात गेला तर काय?’ हे त्याला कुणी विचारलेच नव्हते.

शिवाय कण रक्तात गेला, की त्यावर प्रथिनांचा थर चढतो आणि त्याचे वागणे बदलते. त्वचेवर निरुपद्रवी असलेला कण फुप्फुसात तसाच राहील, असेही नाही.

मॉडेल ही चाळणी आहे. हजारो कणांतून संशयित वेगळे काढायला ती हवीच. त्यामुळे वेळ वाचतो, प्राण्यांचे जीवही वाचतात. पण चाळणीला न्यायाधीश करू नका.

तुम्ही काय कराल?

‘संगणकीय चाचणीत सुरक्षित’ असा दावा दिसला, तर तीन प्रश्न विचारा: मॉडेल कोणत्या पेशींवरच्या किंवा प्राण्यांवरच्या माहितीवर शिकले? हा कण त्या माहितीच्या कक्षेत बसतो का? तपासणी त्वचेसाठी, श्वासासाठी की पोटासाठी? उत्तर मिळाले नाही, तर तो दावा जाहिरात समजा.

सनस्क्रीन जरूर वापरा. पण स्प्रे किंवा पावडरपेक्षा क्रीम बरे, कारण ते श्वासावाटे आत जात नाही. ‘चांदीचे पाणी’ औषध म्हणून पिऊ नका; चांदी साचून त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते. मात्र डॉक्टरांनी दिलेले नॅनो तंत्राचे औषध, उदाहरणार्थ कर्करोगावरील लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, या लेखामुळे घाबरून बंद करू नका. ते बाजारात आले ते माणसांवरील चाचण्यांनंतर, केवळ संगणकाच्या शब्दावर नाही.

तीच कसोटी आपण रोजच्या वापरातल्या नॅनो वस्तूंनाही लावायला हवी: अंदाज संगणकाने करावा, पण खात्री प्रत्यक्ष तपासणीनेच व्हावी.