लाखेवर कोरलेला आवाज

होळीच्या सुमारास सातपुड्यात पळस पेटतो, तेव्हा नंदुरबारकरांना ग्रामोफोन आठवायचं काही कारण नाही. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांत लाख असे, आणि लाखेचा किडा पोसला जातो पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर. अशा तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग! गायक अब्दुल करीम खाँनी ते साधलं. १९४८मध्ये व्हायनिलची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि गवयाला ऐसपैस बसता आलं.

अमेरिकेत २०२०मध्ये याच व्हायनिलच्या रेकॉर्डच्या विक्रीची कमाई सीडीपेक्षा जास्त झाली. लोक रेकॉर्डच्या खरखरीवर भाळले, हे मला पटत नाही. मोबाइलवर गाणं पुढे ढकलता येतं. रेकॉर्डची बाजू मात्र उठून बदलावी लागते, म्हणून माणूस ऐकतो. माळ्यावर तबकड्या असतील तर उभ्या ठेवा. चळतीत त्या वाकतात.